पुकारा

तेहतीस वर्षं मी खोलीत शिरलो की माणसं उठून उभी राहत. आता शिरलो की नातू पाय तेवढे आखडून घेतो. तेही आदरापोटी नव्हे, मी अडखळून त्याच्या मोबाइलवर पडू नये म्हणून. निवृत्त न्यायाधीशाइतका निरुपद्रवी प्राणी साऱ्या सृष्टीत नसेल. निवृत्त डॉक्टरला लोक जिभा दाखवतात. निवृत्त मास्तरांना जुने विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात. आमची जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जातात. त्यांतल्या निम्म्यांच्या विरुद्ध आम्ही निकाल दिलेला असतो. उरलेल्या निम्म्यांची, आपण जिंकलो ते वकिलामुळे, अशी ठाम समजूत असते.

घरात तर विचारूच नका. एकदा स्वयंपाकघरात सौभाग्यवती आणि सूनबाई यांच्यात कुकरच्या शिट्ट्यांवरून मतभेद झाले. सवयीनं मी म्हणालो, "दोन्ही बाजू ऐकून निकाल देतो." त्याबरोबर दोन्ही बाजू एक झाल्या आणि मला कोथिंबीर आणायला पाठवण्यात आलं. या कोर्टावर अपील नाही.

परवा दवाखान्यात बसलो होतो. मदतनीस मुलीनं माझं नाव पुकारलं. मी गुडघ्यांची समजूत घालून उठेपर्यंत शेजारचे एक गृहस्थ उठून आत गेलेसुद्धा. त्यांना ऐकायला कमी येत होतं. कोणाचं तरी नाव झालं म्हणजे आपलंच, एवढ्यावर ते चालत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात माझ्या नावाची चिठ्ठी होती आणि तिच्यावर त्यांचा रक्तदाब होता. सगळा दवाखाना हसला. मीही हसलो, पण मला दरदरून घाम फुटला. चिठ्ठीत उत्तम असलेला माझा रक्तदाब प्रत्यक्षात मात्र बराच वर गेलेला निघाला.

तो का वाढला, हे डॉक्टरांना सांगण्यात अर्थ नव्हता. तुम्हांला सांगतो. त्यासाठी मात्र १९७८ सालच्या डहाणू-तलासरीला जावं लागेल.

वकिलीत तीन वर्षं काढूनही माझी आणि अशिलांची म्हणावी तशी ओळख झाली नाही, तेव्हा मी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसलो आणि पास झालो. पहिली नेमणूक त्या भागात मिळाली. कोर्ट नेमकं कोणतं ते सांगत नाही. जी चूक सांगणार आहे ती कोर्टाची नव्हती. खुर्चीवर बसलेल्या माणसाची होती, आणि तो माणूस मी होतो. पद भारदस्त होतं : दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. पाटीवर मावत नव्हतं. वय सत्तावीस, वजन पन्नास किलो. काळा कोट घातला की मी कोटात आहे की कोट नुसताच खुर्चीवर टाकलाय, हे मागच्या बाकावरून कळत नसे.

तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. रेल्वेच्या पश्चिमेला समुद्र, सुरूची झाडं, घोलवड-बोर्डीकडच्या चिकूच्या वाड्या. पूर्वेला डोंगर आणि वारल्यांचे पाडे, आणि त्या टोकाला तलासरी. पुढे गुजरात. शेजारचा उंबरगाव १९६० मध्ये तिकडे गेला, पण भाषा काही हद्दीवर थांबल्या नाहीत. बाजारात एकाच वाक्यात मराठी, गुजराती आणि वारली ऐकू येई, आणि ते वाक्य सगळ्यांना कळे. न कळणारा मी एकटाच.

निघताना एका वृद्ध न्यायाधीशांनी मला उपदेश केला होता : "कोणात मिसळू नका. कोणाकडे चहा घेऊ नका. लग्नामुंजीला जाऊ नका. भेट तर मुळीच स्वीकारू नका." पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ओसरीवर चिकूंची करंडी ठेवून गेलं. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. परत कोणाला करणार? मी पट्टेवाल्याला ती कोर्टात नेऊन ठेवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी चिकू पिकले आणि सगळ्या कचेरीभर तो वास सुटला. साक्षीदार साक्ष देता देता आवंढे गिळू लागले. संध्याकाळी सौ. म्हणाली, "तुमच्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी आहे. नाक तर उघडं आहे ना?"

बाजारात मला कोणी ओळखू नये म्हणून मी टोपी घालून जात असे. कोळणीनं पहिल्याच दिवशी ओळखलं. बोंबलांचा भाव कमी करायला सांगितला, तर म्हणाली, "जज असशील तुझ्या कोर्टात. इथं निकाल माझा." खरं तर त्या मुलखानं मला सुरुवातीलाच योग्य जागी बसवलं होतं. माझ्याच ते ध्यानात आलं नाही.

आता कोर्टातलं. सिनेमात न्यायाधीश लाकडी हातोडा आपटून 'ऑर्डर, ऑर्डर' ओरडतो. वाचकहो, माझ्या साऱ्या नोकरीत मला कोणी हातोडा दिला नाही. आम्हांला मिळतं ते टाचणीचं डबडं, शाई आणि निकालांचा तक्ता. महिन्याकाठी किती प्रकरणं निकाली काढली ते या तक्त्यात भरून वर पाठवायचं. दिवाणी दावा चिवट असतो. आजोबांनी लावलेला नातू चालवतो. तेव्हा तक्ता भरतो तो किरकोळ फौजदारी खटल्यांनी. आणि त्या मुलखात असे खटले म्हणजे मुख्यतः १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे. ज्याच्या अंगणात मोहाचं झाड, ज्याच्या लग्नात आणि मयतात मोहाची, त्याला ती प्यायला सरकारी परवाना लागतो, हे त्या माणसाला समजावून सांगणं कठीण होतं. म्हणून आम्ही समजावून सांगतच नसू. सरळ दंड करत असू.

वारली माणूस मला 'तू' म्हणायचा. पहिल्या दिवशी मी दचकलो, शिरस्तेदारांनी कानात सांगितलं, "साहेब, ते देवालाही तूच म्हणतात." एकानं तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून आपुलकीनं विचारलं होतं, "तू रोज इथं बसून असतोस, तुझी शेती कोण करतं?" याचं उत्तर फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हतं.

त्या संहितेत मात्र एक सुंदर कलम होतं : कलम २५२. समन्सच्या खटल्यात आरोपीनं गुन्हा कबूल केला, तर त्याची कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. त्याच्याच शब्दांत! कायदा करणाऱ्याला काहीतरी ठाऊक असलं पाहिजे. मी हे कलम परीक्षेत पाठ म्हणून दाखवलं होतं. कोर्टात मात्र माझ्यापुढे छापील कागद असे. त्यावर सर्वांचे शब्द आधीच छापलेले होते : 'गुन्हा कबूल आहे.' मी फक्त सही करायची. एका सकाळी तीस-तीस खटले त्या एका वाक्यात बसत.

तो जुलै महिना होता. तलासरीकडचा एक खटला निघाला : लग्नात विनापरवाना दारू प्यायल्याचा. पट्टेवाल्यानं दाराशी जाऊन तीनदा पुकारा केला. तिसऱ्या पुकाऱ्याला एक माणूस आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावरून पाणी निथळतंय. मी मान वर न करता आरोप वाचला आणि विचारलं, "गुन्हा कबूल?"

"हां," तो म्हणाला.

"पंचवीस रुपये दंड. न भरल्यास सात दिवस साधी कैद. पैसे आहेत?"

"नाय."

"पुढचा."

दोन मिनिटं लागली असतील. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सारा बोर्ड संपवला आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

आठव्या का नवव्या दिवशी सकाळी मी ओसरीवर चहा घेत होतो. फाटकाशी तोच माणूस उभा. त्याची बोली मला जशीच्या तशी लिहिता येत नाही. ऐकू आली तशी लिहितो.

"जज, कागद दे."

"कसला कागद?"

"सुटल्याचा. भावाला दाखवायचा. नायतर पोलीस त्याला परत नेल."

"भावाला कशाला नेईल? सजा तुला झाली होती ना?"

"मी सुटलो. पन नाव त्याचं हाय."

मला काही कळेना. मग त्यानंच मला समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं, सावकाश. दारू भाऊ प्यायला होता. समन्स भावाला आलं होतं. पण पाऊस लागला होता, आवणी चालू होती. रोपं लावायला भावाचा हात चांगला, याचा हात वाकडा. तेव्हा घरात विचार झाला की, कोर्टात नुसतं उभं राहायचं काम आहे, ते याला जमेल. म्हणून भावाच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा हा आत आला. सात दिवसांत भावानं दोघांची आवणी उरकली होती. सगळं ठीक झालं होतं. आता कागद मिळाला की झालं.

मी खुर्चीवरून उठलोच. "अरे, पण तू कोर्टात खोटं सांगितलंस!"

त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं. "मी कधी सांगतलं? तू इचारलास, कबूल? मी म्हनलो, हां. कोन हायस, ते तू इचारलास कुठं?"

सौ. दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आली. कोणाकडे चहा घेऊ नका, असा उपदेश मला झाला होता. कोणाला देऊ नका, असं कोणी म्हणालं नव्हतं. चहा पिऊन तो निघाला, कोर्टाच्या पायरीवर बसतो म्हणाला. तो गेल्यावर सौ.नं विचारलं, "त्याचे सात दिवस तुम्ही कसे परत देणार?"

मी कायद्याची पुस्तकं काढली. सही केलेला निकाल न्यायाधीशाला स्वतःला बदलता येत नाही. कारकुनी चूक तेवढी दुरुस्त करता येते. माझी चूक कारकुनी असती तर किती बरं झालं असतं! वर कळवता आलं असतं. शिरस्तेदारांना विश्वासात घेतलं. ते दोन मिनिटं गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, कळवा. पण दुसऱ्याच्या नावानं उभा राहिला म्हणून आधी हा आत जाईल. मग भाऊ जाईल, तो मूळचा आहेच. तुमचं काय होईल ते मी सांगत नाही."

मी कळवलं नाही. त्या दोघा भावांच्या भल्यासाठी कळवलं नाही, असं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो. त्यात थोडं खरंही आहे. बाकीचं खरं असं की, माझं प्रोबेशन चालू होतं.

त्याला निकालाची नक्कल मिळवून दिली. नकलेची फी मी खिशातून भरली. माझ्याच हातून झालेल्या अन्यायाची शिक्क्यानिशी प्रत, तीही भावाच्या नावावर. त्यानं ती घडी करून कमरेला खोचली आणि जाताना म्हणाला, "तू बरा हायस." माझ्या निकालांवर पुढे वरच्या कोर्टांनी बरेच ताशेरे ओढले, त्यांतला एकही मला इतका लागला नाही.

नंतर मी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं. याच तलासरीतल्या झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारली एकत्र जमले आणि वेठबिगारीला त्यांनी 'नाही' म्हटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. पिढ्यान्‌पिढ्या 'हां' म्हणत आलेल्या लोकांना 'नाही' हा एक शब्द केवढ्याला पडला होता! आणि तेहतीस वर्षांनी मी, चांगला शिकलेला, कोणाचंही वाईट न चिंतणारा माणूस, त्यांच्यातल्या एकाकडून मान वर न करता दोन मिनिटांत 'हां' वदवून घेत होतो.

मी छापील कागद बंद केले. प्रत्येकाला विचारू लागलो : तू कोण? कुठला? घरी कोण? काय झालं ते सांग. आणि तो बोलेल ते लिहू लागलो. त्याबरोबर न्यायदानाचा सगळा विचका झाला. एक म्हणाला, "प्यायलो. पन सगळा पाडा प्यायला, पळता नाय आलं तो मी." ही कबुली म्हणायची की तक्रार? दुसरा म्हणाला, "ज्यानं पकडलं त्यानंबी घेतली व्हती." तिसऱ्यानं तर गुन्हा मनापासून कबूल केला, फक्त तो भलताच, दोन वर्षांपूर्वीचा, कोणालाही ठाऊक नसलेला. ज्याची कबुली सरळ नाही त्याचा खटला चालवावा लागतो, पुरावा घ्यावा लागतो. दुपारपर्यंत संपणारा बोर्ड दिवे लागले तरी संपेना. वकील जांभया देऊ लागले. तक्ता घसरला आणि माझ्या गोपनीय अहवालात 'कामाचा वेग बेताचा' असा शेरा आला. तो माझ्या सगळ्या नोकरीत, या बदलीकडून त्या बदलीकडे, आमच्या ट्रंकांबरोबर फिरला. १९८१ मध्ये तिथून हललो. पुढे रीतसर जिल्हा न्यायाधीश होऊन २०११ मध्ये निवृत्त झालो, पण वेग काही वाढला नाही.

त्या मुलखाशी माझं नातं तुटलं; एका मोठ्या न्यायमूर्तींचं मात्र त्यानंतर जुळलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, १९७२ पासून १९८९ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयात. आणीबाणीत, कैदेतल्या माणसालाही न्यायालयाचं दार बंद होत नाही, असं म्हणणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचं नाव घेतलं जातं. ते मत १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. आणि २०१७ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं, आपला १९७६ चा निकाल चुकीचा होता, असं सांगितलं. एकेचाळीस वर्षांनी का होईना, ती चूक दुरुस्त झाली, कारण ती कागदावर होती. माझी कुठे लिहिलेलीच नाही. तिच्यावर अपील कोण करणार?

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. उद्योगांना सगळे मिळून ५०० एकरांची मर्यादा पडली. तरी वाद मिटले नाहीत. मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ च्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. निवृत्त माणसाला द्यायचं म्हणून दिलेलं पद वाटावं. पण ३ जानेवारी २०१९ ला त्यांचं निधन झालं तोपर्यंत ते अध्यक्ष होते. म्हणजे उच्च न्यायालयाच्या खुर्चीत सतरा वर्षं आणि डहाणूच्या कामात बावीस! मच्छीमार, चिकूवाले, पाड्यांवरचे लोक यांचं गाऱ्हाणं ऐकायला हक्काची एक जागा झाली. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली, तीही या प्राधिकरणाच्या पाठपुराव्यानं. वाढवणच्या बंदराला १९९८ मध्ये प्राधिकरणानं नकार दिला. धर्माधिकारींच्या पश्चात, २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणानं अटी घालून परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणीही झाली. कोणता निकाल बरोबर, हे मी सांगणार नाही. ती सवय सुटली. मला हेवा वाटतो तो बावीस वर्षांचा. त्यांच्या वेगाबद्दल कोणी शेरा मारला होता का, हे विचारायचं राहून गेलं.

१ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. मी चष्मा लावून पहिल्यांदा काय पाहिलं असेल? कबुली आरोपीच्याच शब्दांत घ्यावी, हे वाक्य नव्या संहितेतही आहे. त्याच वर्षी बातमी आली की, सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती बसवली आहे आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डोळ्यांचं झालं. कानांचं काय?"

गेल्या हिवाळ्यात मी एकटाच तिकडे जाऊन आलो. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाते. तिथून तलासरीला. हमरस्त्यावर ट्रकांची रांग गुजरातकडे चाललेली. त्या माणसाला शोधायला गेलो होतो असं नाही. त्याचं नाव मला ठाऊक नाही. भावाचं पाठ आहे. याचं मी त्या दिवशी ओसरीवरही विचारलं नव्हतं.

चहाच्या टपरीवर एक म्हातारा वारली बसला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यानं मला पायांपासून टोपीपर्यंत निरखून पाहिलं.

"तू कोन?"

"मी रिटायर्ड डिस्ट्रिक्ट जज," मी म्हणालो.

"ते झालं," म्हातारा म्हणाला. "पन तू कोन? कुठला? कोनाकडं आलास?"

तीन प्रश्न. अर्धं मिनिटही लागलं नाही. मी सांगायला सुरुवात केली. त्यानं मान वर करून ऐकलं, आणि ऐकता ऐकता जरा सरकून बाकावर जागा करून दिली.